आकडा तोंडातून गेला

प्रिय ताई,

फोन असताना पत्र कोण लिहितं, असं म्हणून हसशील. आणि तेही मी, जिला शाळेत चार ओळी धड लिहिता येत नव्हत्या. पण फोनवर तू बोलायला लागलीस की मी नुसतं "हो ताई, बरं ताई" करते आणि फोन ठेवल्यावर आठवतं, आपल्याला काय बोलायचं होतं. कागद मधेमधे बोलत नाही. म्हणून लिहितेय. पिल्लू मांडीवर आहे आणि पेन ओढतेय, त्यामुळे अक्षर वाकडं येईल ते चालवून घे.

तिचा खोकला अजून आहे. औषधाने छाती थोडी मोकळी होते, परत भरते. डॉक्टरबाई म्हणाल्या तेच खरं, दुकानामागच्या आमच्या खोलीत ओल आहे. त्या भिंतीला कपाट लावलं तर कपाटाची पाठ काळी झाली. आता माझ्या साड्यांनाही कुबट वास येतो. ती खोकते तेव्हा मला भीती वाटते आणि खोकायची थांबते तेव्हा जास्त वाटते. मग नाकाशी बोट धरून बघते श्वास चालू आहे ना. त्याने ती जागी होते, रडते आणि आई मला ओरडते. तेव्हा तिला तुमच्याकडे ठेवायचं तू का म्हणालीस, ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुझ्या घरात ऊन येतं. आमच्याकडे ते सामानाच्या ढिगापलीकडे कधी पोचत नाही.

पण रविवारी तुम्ही तिला न्यायला येणार हे आता गल्लीभर झालंय. शेजारच्या शिंप्याने मला विचारलं, "मग, रविवारी जातेय ना?" कपाट न्यायला टेम्पो कधी येतोय विचारावं तसं. मी शटर अर्धं खाली ओढलं. ह्यांना बोटीवर फोन लावला तर आवाज तुटत तुटत आला. एवढंच कळलं, की तुम्ही बहिणी बहिणी काय ते ठरवा, ताईंचं घर चांगलं आहे. बाप झालाय माणूस, पण बोलतो पाहुण्यासारखा. कुणाशी भांडावं तेच कळत नाही. सगळे गोड बोलतात आणि सगळ्यांचं ठरलंय.

त्या दिवशी दुकानात काय झालं ते मी सारखं आठवतेय. भाऊजी आईची थट्टा करत होते. एक पोरगा टेबल बघून "मावशी, थोडं बार्गेनिंग होईल का" म्हणाला होता. आईने त्याला सांगितलं, इथे घासाघीस होते, ते दुसरं काही होत नाही. भाऊजी म्हणाले, हा शब्द आता फक्त तुमच्या दुकानात उरलाय, तोही जुनं सामान म्हणून विकून टाका. मग आईला चेव आला. म्हणाली, बार्गेनिंगवाला फोनमध्ये भाव बघून येतो आणि उभ्या उभ्या आकडा फेकतो. घासाघिशीला बसावं लागतं. करपलेलं पातेलं काय एका हातात घासून निघतं? तसं ते, हळूहळू. थोडं त्याचं झिजतं, थोडं आपलं, आणि उठताना दोघंही कुरकुरत उठतात. एकच कुरकुरला तर ती घासाघीस नाही, ती लूट. आणि ती करायची पण कुणाशी, तर जो परत यायला हवा त्याच्याशी. वाटेवरच्याला एकच भाव सांगायचा आणि वाटेला लावायचं. भाऊजी हात जोडून म्हणाले, शरण आलो. आपण किती हसलो.

आणि त्याच खुर्च्यांवर बसून तू म्हणालीस, पिल्लूला आमच्याकडे राहू दे, शाळेत जाईपर्यंत.

ताई, मला नाही म्हणायचं होतं. पण तोंडातून काय निघालं? ह्या दुकानात वाढलेल्या मुलीच्या तोंडातून जे निघणार तेच. "एवढं नको गं. थंडीपुरतं. चार महिने." भाऊजी म्हणाले, चार महिन्यांत लेकराला जागेची सवय तरी होते का. तू तीन वर्षांवर आलीस. मी सहा महिन्यांवर गेले. तुझा आकडा खाली आला की मला वाटायचं, जिंकले, एवढी तरी वाचवली. खरं सांगते, त्या वेळी मला रडूसुद्धा आलं नाही. मी रंगात आले होते. आणि मधे बसलेली आई सवयीने म्हणाली, दोन वर्षं करा, तुझंही राहिलं, हिचंही राहिलं. आणि टेबलावर थाप मारली. सौदा पटला की मारते तशी. मी मान हलवली. तू मला मिठी मारून रडलीस. तुमची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण जुन्या कपाटाबद्दल बोलत नव्हतो.

तरी मी गप्प बसले. वाटलं, ठरलं ते ठरलं. आपल्या आईची थाप कधी मोडली नाही. मग परवा एक म्हातारे काका शिलाई मशीन घेऊन आले. हातगाडीवरून आणलं होतं, बायकोचं होतं, ती गेली. आईने भाव विचारला, त्यांनी सांगितला, आईने पाडला, त्यांनी थोडा वाढवला. सगळं नेहमीसारखं. पण त्यांचा एक हात मशीनच्या चाकावर होता आणि तो काही निघेना. आईने एकदम बोलणं थांबवलं. म्हणाली, "काका, आधी हात काढा. हात निघत नसेल तर भाव कशाला सांगताय?" हात तिथेच राहिला. आईने हातगाडीवाल्याला परत बोलावलं आणि मशीन होतं तसं घरी पाठवलं.

मी तिथेच होते, पिल्लूला खांद्यावर घेऊन. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, "आणि माझा हात नाही दिसला तुला?"

आई म्हणाली, "तू आकडा सांगितलास. आकडा सांगणाऱ्याला मी विचारत नाही, विकायचंय का म्हणून. काकांना विचारलं, कारण ते परके, त्यांच्या मनात काय ते मला कुठे माहीत. तुम्ही दोघी माझ्याच, मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल काय बोलताय ते." मग तिने पुसलेलंच स्टूल परत पुसायला घेतलं. पुसता पुसता म्हणाली, माझंही चुकलं असेल, पण थाप मी मारलीय, ती मी मोडणार नाही. मोडायची तर तू मोड. झालं. सगळं फिरून माझ्याच गळ्यात.

तुझ्यावर रागवायला गेले की राग अर्ध्या वाटेत बसतो, ताई. तुझ्या घरची ती पिवळी खोली आत्ता रंगवलेली नाही, हे मला माहीत आहे. ज्या वर्षी तू दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आलीस, तेव्हाचा तो रंग आहे. त्यानंतर आपण कुणीच त्या खोलीबद्दल बोललो नाही. तिथे नुसतं इस्त्रीचं टेबल ठेवलंत तुम्ही. मला तू पिल्लूसाठी मांडलेला पाळणा दाखवायला आत नेलंस तेव्हा तू टेबलाला हात लावून उभी होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. म्हणून तुझ्यावरचा राग मग शिंप्यावर निघतो, आईवर निघतो, बोटीवरच्या त्या पाहुण्यावर निघतो.

तर हे पत्र एवढ्यासाठी, की मी माझा आकडा परत घेतेय. चार महिने नाहीत, सहा नाहीत, दोन वर्षं नाहीत. पिल्लू एकटी येणार नाही. डॉक्टरबाईंनी कोरडी खोली सांगितली होती. आईशिवाय, असं सांगितलं नव्हतं. मी काल मुद्दाम जाऊन परत विचारून आले. मला तिच्याबरोबर ने, ताई. दुकानाचं काय म्हणशील तर माझ्या जन्माच्या आधी ते कोण चालवत होतं? तुझ्या घरचा स्वयंपाक करीन, धुणं करीन, असं लिहिलं होतं, वर खोडलेलं दिसतंय ते तेच. खोडलं, कारण तसं लिहिलं तर परत तेच सुरू होतं, मी एवढं देते, तू एवढं दे. मला काही द्यायचं नाहीये. मी मागतेय. तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, मधलं काही सांगू नकोस. मधलं सांगितलंस की मी परत "बरं ताई" म्हणेन, मला माझी खात्री नाही. नाही असेल तर रविवारी गाडी आणू नकोस. तू एकटी ये, बसने ये. ती आता तुला ओळखते. तुझ्या बांगड्यांचा आवाज आला की मान वळवते. काहीही ठरलं तरी येत जा.

तुझीच,
धाकटी