केतकीचा रिपोर्ट

मंगळवार संध्याकाळ, चारकोप

केतकीचं हिमोग्लोबिन नॉर्मल आलं! चार महिन्यांपूर्वी कॉलेजच्या रक्तदान शिबिरातून तिला ते कमी म्हणून परत पाठवलं, तेव्हा मी किती बोलले पोरीला. "मासे सोडलेस ना, भोग आता!" आईने असं बोलायचं? रडली, पण मासे काही खाल्ले नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या, मोडाची मटकी लिंबू पिळून खाल्ली, जेवणावरचा चहा सोडला. मटकी मीच भिजवायचे, तोंड वाकडं करून.

आज म्हणते, "आई, जिना चढताना दम तर तुला लागतो. तुझं रक्त कधी तपासलंस?"

रोज बांगडा खाणारी मी, मला काय होणार, असंच धरून चालले होते ना?

उद्या सकाळी दोघी लॅबमध्ये जातोय.