कापायचं ते डोळ्यांसमोर

मी, खाली सही करणारी, चिकनच्या दुकानाची मालकीण, नवऱ्यामागे एकटी, शिक्षण चौथी, पोटात सुऱ्याची जखम, डोकं ठिकाणावर. कोणाच्या धाकाने नाही की सांगण्यावरून नाही, स्वतःच्या हाताने लिहिते. उद्या पुन्हा पोट उघडणार आहेत. जगले तर फाडून टाकीन, मेले तर हेच खरं धरावं.

एक. दुकान, सुरे आणि घर धाकट्या बहिणीला. अट अशी, की माडीवरच्या भाडेकरू पोरी, नर्स आणि कॉम्प्युटरवाली, यांना कोणी उठवायचं नाही.

दोन. मुलाला काही नाही. कारण लिहिते, नाहीतर वकील म्हणेल बाई भ्रमात होती. त्याने माडीवरच्या न्हाणीत गिझरमागे कॅमेरा लावला. तो नर्सला दिसला. कॉम्प्युटरवालीने त्याची डबी, म्हणजे हार्ड डिस्क, शोधली. म्हणाली, "काकू, नेटलाही तळघर असतं. नावगाव न सांगता काहीही विकता येतं. याने आम्हाला तिथे विकलंय."

त्याला दुकानात बोलावलं. म्हणतो, "आई, चेहरे पुसलेत मी. कोणाचं काय गेलं?"

म्हटलं, "मुडद्या, कोंबडी पण मी मुंडकं उडवूनच विकते. म्हणून ती मेली नाही होय?"

आणि त्याचा उजवा हात कोंबडी कापायच्या ओंडक्यावर धरून सत्तुराने ठेचला. पाठीने, धारेने नाही. कोर्टाने एवढं लक्षात घ्यावं.

तीन. धाकटे दीर दवाखान्यात येऊन म्हणाले, "वहिनी, घरातलं घरात मिटवा, अब्रू जाईल." त्यांना माझा ओंडका द्यावा. त्यावर बसून अब्रूचा विचार करावा.

चार. डबी मिळवायला मुलाने त्याच तळघरातून भाड्याचा माणूस आणला. "एक किलो, बारीक तुकडे," म्हणाला. मी वाकले तसा पोटात सुरा घातला. पिसं काढायचं उकळतं पाणी मी त्याच्या तोंडावर ओतलं. गालाची कातडी हनुवटीवर लोंबली. मग पोलिसांपुढे पोपटासारखा बोलला. मुलगा आत आहे. डीप फ्रीजमध्ये कोंबडीच्या पायांच्या पिशवीखाली मी लपवलेली डबी नर्सने पोलिसांना दिली, सील करून.

पाच. खटला संपला की कोर्टाने डबी फोडायला द्यावी, ही विनंती. 'नष्ट केली' असा नुसता कागद घेऊ नये. माझ्या दुकानात कापायचं ते गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर; आत नेऊन कापलं की काहीतरी बदललं समजायचं. तळघरात गेलेलं परत येत नाही म्हणतात. निदान हे तरी पोरींसमोर, माझ्या ओंडक्यावर, माझ्या सत्तुराने फुटावं. ओंडका दिरांना त्यानंतर.

सहा. डबीत मीही आहे. खालचं पाणी गेलं तेव्हा माडीवर आंघोळीला गेले होते. चेहरा पुसलाय, पण पाठीवरचा भाजल्याचा डाग दिसतो. त्याला औषध कोण लावायचं? हाच मुलगा, लहानपणी, फुंकर घालून. म्हणजे ओळखून विकलं.

तेव्हा डबी फुटताना समोर उभं राहायचा हक्क माझाही आहे. मी नसले तर तो हक्क मुलाला. कलम दोन तेवढ्यापुरतं खोडलं समजावं. तुरुंगातून आणावा, पोरींच्या मागे उभा करावा. मान फिरवली तर बहिणीने हनुवटी धरावी. तिच्या हाताला ताकद आहे.

सही: (माझीच, सलाईनच्या हाताने, म्हणून वाकडी)

साक्षीदार: १. वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई. २. शेजारच्या खाटेवरची शिंपीण. दोघींना यातलं काही मिळत नाही.

ठिकाण: बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस, सोमवार.