रापणीचा दोर

जिनिव्हा, रविवार

लाडक्या भावा लिनो, तुला आणि डोरथीला येशू सुखी ठेवो.

आधी डोरथीला सांग, तुमचा लेक रॉकी खलाशी आहे ते जहाज त्या वेढलेल्या बंदरातून उद्या सुटतंय. मग पुढचं वाच.

तू लिहिलंस, ‘बाय, तू मोठ्या लोकांचा जेवाण करतंस, तेंका सांग गो!’ अरे, मी राजदूताच्या घरची स्वयंपाकीण, माझं कोण ऐकणार? जागतिक संस्थेने ठरावावर ठराव केले, आणि बंदर वेढून बॉम्ब टाकणाऱ्या त्या बड्या देशाचा माणूस इथे माझ्या हातचं कालवण चापत हसत होता. ते त्याच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं.

आमचे साहेब त्याच्या दोस्त देशाचे. शेवटी तेच म्हणाले, “जहाजं सोडेपर्यंत आमचे विमानतळ तुम्हाला बंद.” त्याचं हसू मावळलं. आपली रापण आठवली. मालक किनाऱ्यावर कितीही ओरडो, जाळं ओढणाऱ्या दोन रांगांपैकी एका बाजूच्यांनी दोर सोडला की जाळं समुद्रातच राहतं. दुसऱ्या दिवशी जहाजं सोडायची परवानगी आली.

पण साहेबांना देवमाणूस समजू नकोस. अडकलेल्यांत त्यांची तेलाची जहाजं होती. त्याच विमानतळांवरून इतके महिने बॉम्ब गेले, तेव्हा हे गप्प होते.

डोरथी जेवते ना? पायांची सूज उतरली?

चर्चमध्ये पाद्रींना मिस्सा रॉकीसाठी सांग, बंदरात मेलेल्यांसाठी सांग. डोरथी म्हणेल, साहेबांचंही नाव घालूया. घालू देऊ नकोस.

तुम्हा दोघांच्या काळजीत,
तुझी बाय, क्लॉडिया