मेणाचा केक आणि दुसरा भात

आदरणीय उनी नेती,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, एल्फीचा, जाकार्ताहून सलाम. गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना, की बाटली नुसती कपाटात बघायला ठेवली आहेस? मागच्या अंगणातल्या दुरियानला यंदा फळ धरलं का? इथे आम्ही खुशाल आहोत. मामाही खुशाल आहेत. इतके की डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं, तरी ते पायाकुंबुहला परतायचं नाव काढत नाहीत. (हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मी भलतंच काहीतरी कबूल करून बसते. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, मग रागाव.)

डोळे हे निमित्त होतं हे तुला ठाऊक आहेच. मामा आले होते ते आमच्या मुतियाचा सेनो बघायला. जावाचा मुलगा, तोही सोलोचा, म्हणजे साखरेत घोळलेला. असा जावई आपल्या घरात येण्यापेक्षा मुलगी बिनलग्नाची बरी, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. पण मामा हो म्हणाले तर मी एक शब्द बोलणार नाही, असंही लिहिलं होतंस. (मुतियाचे बाबा हे वाचून म्हणाले, "आणि मी?" आपल्याकडे मुलीचं लग्न मामा ठरवतो, बापाला कोण विचारतं! मी त्यांना चहा करून दिला.) तेव्हा सगळं मामांच्या एका शब्दावर अडलं होतं, आणि मामा म्हणाले, मला मुलाशी बोलायचं नाही, मला तो जेवताना बघायचाय. त्यांचं म्हणणं असं की ज्याला पानावर बसून दुसऱ्यांदा भात मागता येत नाही, त्याला बायकोच्या घरात काहीच मागता येणार नाही. तो मनातल्या मनात कुढेल आणि एक दिवस चप्पल घालून चालायला लागेल.

आता सेनोची गंमत अशी की त्याच्या घरी उलटंच शिकवतात. वाढलेलं तीनदा नको म्हणायचं, चौथ्यांदा चमचाभर घ्यायचं आणि त्यातला घास पानात ठेवायचा. म्हणजे परीक्षेचा पेपर निघायच्या आधीच पोरगा नापास. त्यात त्याने हौसेने ठरवलं की मामांना जाकार्तातली नामांकित हॉटेलं दाखवायची. मी नको म्हणत होते. पण हॉटेलच्या बाबतीत माझं मत कोण विचारतो? माझं मत साधं आहे: जिथे दिवे मंद असतात तिथे जेवण लपवण्यासारखं असतं.

पहिल्यांदा आम्ही एका मॉलमधल्या जपानी हॉटेलात गेलो. तिथे जेवण छोट्या सरकत्या पट्ट्यावरून फिरत होतं. मामा बराच वेळ ते बघत राहिले आणि म्हणाले, "हे थांबतं कुठे? यालाही कुणाचं आमंत्रण नाही वाटतं." मग खिशातून बरणी काढली. (हो, तू दिलेली हिरव्या मिरचीची. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही ती त्यांच्या खिशात होती.) कच्च्या माशावर त्यांनी अशी मिरची थापली की तो मासा शिजला असावा. सेनोने चार घास खाल्ले आणि पोट भरलं म्हणाला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

दुसऱ्यांदा त्याने त्यांना आपल्या गावाकडच्या चवीचं खाऊ घालायचं ठरवलं. सोलोकडच्या माणसाचं ते हॉटेल, स्वच्छ, थंडगार, मागे हळू वाजणारी घंटावाद्यं, आणि पुढ्यात गुदेग, म्हणजे गुळात दिवसभर शिजवलेली कोवळ्या फणसाची भाजी. मामांनी दोन घास खाल्ले, हात थांबवला आणि वाढप्याला अगदी आदराने विचारलं, "मिठाई आधी वाढायची पद्धत दिसते. जेवण कधी आहे?" मुतिया टेबलाखालून माझी ओढणी ओढत होती. सेनो लाल झाला, पण हसला. दुसरा भात त्याने तिथेही मागितला नाही. मला वाटलं, संपलं. घरी येऊन मी मुतियाच्या केसांना तेल लावत बसले. मी या शहरात आले तेव्हा मलाही इथलं काही गिळवत नव्हतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच तेव्हा आठवलं.

आणि मग तिसरं हॉटेल! उंच इमारतीच्या थेट माथ्यावरचं. दुपारची वेळ, खाली सगळं जाकार्ता. केवढी तरी मोठी पांढरी ताटली, तिच्या मधोमध माशाचा एक तुकडा आणि भोवती लाल ठिपके. मामांनी विचारलं, "हे कुणी सांडलं?" भात कुठेच नव्हता. ते उरकल्यावर वाढपी एका मोठ्या तबकात नाना तऱ्हेचे केक घेऊन आला, तबक आमच्यापुढे ठेवलं आणि शेजारच्या टेबलावरून हाक आली म्हणून वळला. आता सांग, मामांचा काय दोष? आपल्याकडे खानावळीत बसलं की वाढपी हातावर ताटल्यांची उतरंड घेऊन येतो, न विचारता सगळ्या पुढे मांडतो; जिला हात लागला ती आपली, उरलेल्या परत. मामांना वाटलं, या लोकांना शेवटी अक्कल आली. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून सगळ्यांत मोठा चॉकलेटचा केक हाताने उचलला आणि मोठा लचका तोडला.

"आई," मुतिया माझ्या कानाशी पुटपुटली, "ते नमुने आहेत. दाखवायचे. मेणाचे."

मामांचं तोंड चालायचं थांबलं. वाढपी वळला आणि जागच्या जागी उभा राहिला. आजूबाजूची चार टेबलंही आमच्याकडे बघत होती. उनी, आपल्या कुळाचे प्रमुख, ज्यांच्यापुढे अख्खं गाव आवाज खाली करतं, ते मेणाचा घास तोंडात धरून बसलेले, आणि थुंकावं तरी कुठे? तेवढ्यात सेनोने हात पुढे केला. तबकातला एक हिरवा केक उचलला, चांगला घास घेतला, चावला आणि गिळला. तो घास त्याच्या गळ्यातून खाली उतरताना मी पाहिला. मग तो शांतपणे म्हणाला, "छान आहे, मामा. जरा घट्ट आहे एवढंच." आणि वाढप्याला म्हणाला, "आम्हाला हे दोन्ही आवडले. बिलात धरा."

मामांनीही गिळला.

(मी मनातल्या मनात तिथेच लग्न लावून टाकलं. पण माझ्या मनाला विचारतो कोण?)

खाली आल्यावर मामा कुणालाही न विचारता इमारतीच्या मागच्या गल्लीत शिरले. वास त्यांना बरोबर लागला होता. आपल्याकडच्या माणसाची खानावळ होती. बसलो. ताटल्या आल्या: मसाल्यात आटवलेल्या मांसाचं रेंदांग, मेंदूची आमटी, वांगी, हिरवी मिरची. मामा जेवेनात. सेनोकडे बघत राहिले.

"पोरा, तो केक खरंच छान होता?"

मुतियाने माझा हात घट्ट धरला.

"नाही, मामा. भयंकर होता."

"मग खाल्लास कशाला?"

"तुम्ही खात होता. तुम्हाला एकट्याला कसं खाऊ देणार?"

मामांनी रेंदांगची ताटली त्याच्यापुढे सरकवली. पोरगा जेवायला लागला, आणि काय जेवला! कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, नाक लाल, पण हात थांबेना. पान रिकामं झालं. त्याने एकदा मामांकडे पाहिलं, श्वास घेतला आणि इतक्या मोठ्याने "अजून भात!" म्हणून ओरडला की शेजारच्या माणसाच्या हातातला पेला हिंदकळला. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडला असावा; आपल्याच आवाजाने दचकला.

मामा असे हसले की त्यांना ठसका लागला. मग मला म्हणाले, "एल्फी, याला आता आपला हात लागलाय. परत पाठवायचा नाही." मुतिया रडली. मी रडले नाही. ती मिरची होती.

तर उनी, आपण जिंकलो. मामा हो म्हणाले आहेत, आणि तू शब्द दिला आहेस.

तुझीच,
एल्फी

ता. क. सेनोचे आईवडील रमजानच्या आधी पायाकुंबुहला येतील. उतरतील अर्थातच तुझ्याकडे. फार सभ्य माणसं आहेत, भूक लागली तरी सांगायची नाहीत. तेव्हा एक विनंती: त्या दिवशी मिरची निम्मी घाल. मला माहीत आहे मी काय मागते आहे.

आणखी एक ता. क. जमल्यास थोडी फणसाची भाजी गुळात कर. सेनोच्या आईसाठी केली असं सगळ्यांना सांग आणि वाटी मामांच्या हाताशी ठेव. गेला आठवडाभर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून बाहेर पडतात. काल मी मागोमाग गेले. त्या सोलोवाल्याच्या हॉटेलात एकटेच बसले होते, आणि तिसऱ्यांदा भात मागत होते. तू दिलेली बरणी मात्र घरीच होती.