गोजरबाई माडीवरच बसल्या

अहमदनगर, १४ जुलै १९७१

ती. रंगनाथदादास, मालनचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत, पण माडीचा जिना खुशाल नाही. दोन पायऱ्या गेल्यात, तिसरी हलते. नळ खाली, बिऱ्हाड वर. परवा बादली घेऊन चढताना पाय सटकला. कठडा हाती लागला म्हणून वाचले. बादली गडगडत खाली गेली. सातव्या महिन्यात भलतंच काही झालं असतं. बाळ हललं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

घरमालक पुंजारामशेठ खालीच राहतात. ह्यांनी चारदा सांगितलं, तेही असं की जणू चूक आपलीच. शेठ म्हणतात, जिना अस्सल सागाचा आहे, तुम्हीच पाय जपून टाका. काय करू ते कळव. वहिनींना नमस्कार. आठवण ठेव.

तुझी मालन

काष्टी, १९ जुलै १९७१

चि. मालनास, दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून काळजाचं पाणी झालं. शेठला चार शब्द सुनवायला निघालोच होतो. पण तुझी वहिनी म्हणाली, तुमी भांडून परत याल अन् पोरीला दुसरं बिऱ्हाड शोधावं लागंल. तिनं वेगळंच काढलंय. डोहाळजेवण माडीवरच करायचं आणि शेठच्या बायकोला मानाचं बोलावणं धाडायचं. शनिवारी ती एस.टी.नं येतेय. तोवर पाणी जावईपाव्हण्यांना भरू दे. कोर्टातल्या कारकुनाच्या दंडालाही जरा काम हवं.

आहेस तशीच हसत राहा.

तुझा रंगनाथ

अहमदनगर, २८ जुलै १९७१

ती. दादास, सा. न.

वहिनी काल पोचल्या असतील, पण सगळं मलाच सांगायचंय म्हणून त्यांना शपथ घातली होती.

शेठच्या गोजरबाई अंगानं भरभक्कम. रविवारी हौसेनं आल्या, आम्ही दोघींनी हात देऊन वर घेतलं. ओटी भरून, जेवून निघाल्या आणि जिन्यातून खाली पाहताच मटकन बसल्या. मला म्हणाल्या, पोरी, तू पानी घिऊन ह्याच्यावरनं येतीस? मग वरूनच शेठना बजावलं, जिना नीट झाल्याबिगर मी उतरायची न्हाई, भाकरी तुमची तुमी थापा.

शेठनी दोन वेळा चूल पेटवली. सोमवारी सकाळी सुतार दारात! संध्याकाळी नव्या पायऱ्यांवरून शेठ स्वतः न्यायला आले, तर बाई म्हणाल्या, लगीन झाल्यापासनं आयतं ताट आत्ता मिळालंय, मी उद्या येते. शेठ उंबऱ्यातच घुटमळले. बाळ बरं आहे ना, असं मला खाली मान घालून विचारलं. माझा राग तिथेच गेला. मग हळूच म्हणाले, पिठलं उरलं असेल तर मीही बसतो.

वहिनींनी ताट आधीच वाढून ठेवलं होतं.

अशीच माया करत राहा.

तुझी मालन