मेलची अकरा मिनिटं

३ डिसें., मंगळ.
तात्या मिनिस्टर! नागपूरहून पक्की खबर. बुलढाण्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर, एकाच साली मॅट्रिक. तो वकिली, डिस्ट्रिक्ट कौन्सिल, मग नागपूरची कौन्सिल असा चढत गेला. मी तारबाबू, असिस्टंट, आता नांदुऱ्याचा स्टेशनमास्तर. ट्रॅफिक इन्स्पेक्टरच्या जागेसाठी माझंही नाव वर गेलंय. तरी हेवा वाटला. स्वतःशी काऊन खोटं बोलू?

५ डिसें., गुरु.
सकाळी तात्याची चिठ्ठी. उद्या नागपुरात शपथ. आज देऊळघाटात सत्कार, तिथून मोटारीनं येतो, उशीर झाला तर मेल धरून ठेव. जशी काही मेल म्हणजे याच्या घरची बैलांची दमणी!

संध्या. – धरली. अकरा मिनिटं. गार्ड शिट्ट्या मारून लालबुंद. 'पार्सल चढून राह्यलं' म्हणून त्याला थोपवत होतो. तात्या हारांसकट डब्यात चढला. "वाचवलंस बे!" छाती फुगली माझी.
मग वहीत उशिराचं कारण लिहायची वेळ आली. 'पार्सल-हमालाची दिरंगाई' लिहून मोकळा झालो. हमाल म्हणजे पुंजाजी. फार तर ताकीद मिळेल त्याला.

९ डिसें.
वरच्या ऑफिसची विचारणा. त्या मेलला साहेबांचा खास सलून-डबा जोडलेला, त्यात बडा साहेब होता म्हणे. मेलो! तात्याला लगेच पत्र टाकलं.

१४ डिसें., शनि.
तात्याचं उत्तर. 'माझं नाव येता कामा नये, विरोधक टपलेत. चिठ्ठी फाड. तुझ्या बढतीचं बघतो.' काय बघतो, डोंबल? रेल्वे काय याच्या खात्यात येते? संतापलो. पण ती बढतीची ओळ दोनदा वाचली.
चिठ्ठी फाडली नाही अजून.

१६ डिसें.
इन्स्पेक्टर आले होते. रिटायर होऊन राह्यले, त्यांच्याच जागेसाठी माझं नाव. खाजगीत म्हणाले, "तुमचं ठरल्यात जमा आहे. हमालाचं तेवढं निकालात निघू द्या."
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "अन् पुंजाजीचं काय?" ओरडलो तिच्यावर. पानावरून उठलो.

१८ डिसें., बुध.
पुंजाजी इंग्रजी कागद घेऊन आला. नोकरीवरून का काढू नये, खुलासा दे. एकोणीस वर्षं झाली त्याला. इथल्या हमालांचे असले खुलासे मीच लिहितो, आल्यापासून. दुसऱ्या कोणाकडे जाणार तो?
"मास्तरसाहेब, मले तं आठवूनच नाही राह्यलं, त्या रोजी कोनतं पार्सल होतं."
सांगून टाकावं, अगदी ओठावर आलं. नाही सांगितलं. लाज वाटते लिहायला.
म्हटलं, लिहून ठेवतो, उद्या अंगठा द्यायला ये.
"उद्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. आताच घ्या ना." कोऱ्या कागदाच्या तळाशी अंगठा उठवला अन् गेला. "तुमी लिहान ते बरोबरच असन."

१९ डिसें., गुरु., सकाळचे अकरा.
कागद समोर. वर साहेबाचा हुद्दा, खाली अंगठा. मधे एक अक्षर नाही. हा कागद नेणारी गाडी दीडला.