तोंडी हुकूम

४ ऑक्टो. १९४९, सातारा
महाबळेश्वरच्या रस्त्याखालच्या भिंतीवर मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला. जबाबदार कोण, याची चौकशी लागली. बिलांवर सही माझी. मंजूर पैसे संपले तेव्हा भिंत अर्धी, पाऊस तोंडावर. तेव्हाचे आमचे साहेब, रावसाहेब, जागेवर आले होते. म्हणाले, "काम थांबवू नका, ओव्हरसियर. वाढीव मंजुरी मी आणतो." ती यायच्या आत त्यांचीच सांगलीला बदली.
लेखी का घेतलं नाही, विचारतात. खडी फोडणाऱ्या पोराला ज्यांनी ओव्हरसियर केलं, त्यांच्याकडे लेखी मागायचं? आमच्या खात्यात साहेबाला लेखी मागणं म्हणजे तुमच्यावर भरवसा नाही म्हणणं.

ता. ७
मी कचेरीत शिरलो की सगळे एकदम हवापाण्यावर बोलू लागतात. आज पानाची चंची माझ्यापर्यंत यायच्या आत मिटली.
शिपाई धोंडीला गाठलं. रावसाहेब भिंतीवर आले त्या दिवशी चहा त्यानंच दिला होता.
"तू ऐकलंस ना रं?"
"ऐकलं की. पन आवं, माज्या कानाला कोन इचारतंय? पोरगी उजवायची हाय. नोकरी गेली म्हंजी?"
खरं आहे. त्याची नोकरी, माझी पेन्शन.

ता. १०, सांगली
रावसाहेबांकडे गेलो. चहा, चिवडा, नातवाचं कौतुक. भिंतीचं अवाक्षर नाही. मीही विषय काढला नाही. जिन्यात वहाणा घालत होतो, तर आत रावसाहेब त्यांच्या बाईंना विचारताना ऐकू आले, "मी तसं खरंच म्हणालो असेन का गं?"
खोटं बोलत असते तर बरं झालं असतं.
 

ता. १३, सातारा
खानावळीत एकटाच. ही हयात असती तर म्हणाली असती, "सांगून मोकळे व्हा." म्हणाली असती का? आवाज तिचाच येतो, शब्द मीच घालतो की काय. मग रावसाहेबांचे शब्दसुद्धा...

ता. १७
चौकशी. बाहेर बाकावर रावसाहेब शेजारी येऊन बसले. चष्मा पुसत हळूच म्हणाले, "तुम्हांला नक्की आठवतंय? तुम्ही म्हणाल तसं मी आत सांगतो."
इतक्या वर्षांत हुकूमच ऐकले त्यांचे. त्यांनी मला विचारलं ते आज पहिल्यांदा.
पाणी पिऊन येतो म्हणालो. पाणी केव्हाच पिऊन झालं, तरी माठापाशीच उभा होतो. दारात पुकारा झाला. आधी त्यांचं नाव.